दोन बोटांची जागा

ताडोबात वाघ बहुतेक वेळा आधी कानांना कळतो आणि मग डोळ्यांना दिसतो. त्याची चाहूल लागलेलं चितळ ओरडतं, सांबर खणखणीत इशारा देतं, झाडावरची वानरं खेकसतात. गाइड मंडळी याला ‘कॉल’ म्हणतात आणि त्यांची अर्धी विद्या हा कॉल ओळखण्यात असते. तो कुठून आला, किती दूरचा आहे, एकदाच झाला की सलग होतोय, हे ऐकूनच गाडी कोणत्या रस्त्याला वळवायची ते ठरतं. अशा वेळी सफारीची जिप्सी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रेंगाळत असते. इंजिनाचे फेरे कमी असतात, थरथर जास्त असते आणि नेमक्या याच चालीला गाडीच्या पोटाखाली पाइप पत्र्यावर आपटण्याचा खडखडाट सुरू होतो. पर्यटकाला तो नुसता त्रास वाटतो, पण गाइडचं काम त्याने बंद पडतं. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांत हा आवाज सफारीच्या गाडीपुरता राहत नाही. आष्टी-आलापल्लीकडे प्रवासी नेणारी ट्रॅक्स, धानाची पोती वाहणारा पिकअप, वनखात्याची जुनी बोलेरो, अशा कितीतरी गाड्यांच्या पोटाखाली तो ऐकू येतो. त्यावर होणारे इलाज बहुतांशी उलट्या दिशेने जातात, म्हणून या साध्या वाटणाऱ्या दुखण्याचा नीट विचार करायला हवा.

हा प्रश्न इथे मोठा होण्याचं एक कारण गाड्यांच्या वयात आहे. मारुतीने जिप्सी १९८५मध्ये बाजारात आणली. पुढे तिला १.३ लिटरचं इंजिन मिळालं आणि २०१९मध्ये तिचं उत्पादन थांबलं. तरीही जंगलाच्या कच्च्या रस्त्यांवर तिची सद्दी संपलेली नाही. वजनाला हलकी, चेसी वेगळी, चारही बाजूंना पाटे, चारही चाकांना जोर आणि अंग इतकं साधं की कुठलाही कारागीर खोलू शकतो. पण उत्पादन बंद झालेल्या गाडीचा मूळ सायलेन्सर हवा तेव्हा हाताशी असतोच असं नाही. मग पाइप स्थानिक कारागिराकडून घडवून घेतला जातो. बाजारात मिळणारे तयार बेंड आणि सरळ नळीचे तुकडे एकमेकांना जोडायचे, मधे दुसऱ्याच एखाद्या गाडीच्या सायलेन्सरचा डबा बसवायचा आणि जुन्या खुणांवरून तो टांगायचा. यात कमीपणा काही नाही. चांगला वेल्डर मूळ पाइपापेक्षा जाड नळीचं आणि जास्त टिकाऊ काम करून देतो. अडचण येते ती जागेची. कारखान्यात पाइप कुठून जावा हे चेसी, शाफ्ट आणि टाकी यांच्या जागेसोबतच ठरलेलं असतं. गॅरेजमध्ये तो उरलेल्या जागेतून न्यावा लागतो आणि जिप्सीच्या पोटाखाली अशी जागा फार कमी उरते. चारही चाकांना जोर वाटून देणारा तिचा ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून वेगळा, स्वतःच्या रबरांवर टांगलेला असतो. त्यामुळे एक आखूड शाफ्ट गिअरबॉक्सकडून त्याच्याकडे येतो, एक त्याच्यापासून पुढच्या एक्सलला जातो आणि एक मागच्या. या तीन फिरत्या शाफ्टांच्या आणि चेसीच्या आडव्या सांध्यांच्या गर्दीतून पाइप मागे काढायचा असतो.

पाइप वाजू लागला की मालक गाडी गॅरेजला घेऊन येतो आणि तिथे तीन उपाय ठरलेले असतात. बाइंडिंगच्या तारेने पाइप ओढून चेसीला आवळणं, जुन्या टायरचा तुकडा पत्रा आणि पाइप यांच्यामध्ये ठोकून बसवणं, किंवा सरळ लोखंडी पट्टीचा टाका मारून पाइप चेसीला जोडून टाकणं. तिन्ही उपायांनी आवाज थांबतो आणि म्हणूनच ते टिकून आहेत. माझं म्हणणं असं की हे तिन्ही उपाय आवाजाच्या जागी दुसरं दुखणं आणतात, कारण खडखडाट पाइप हलल्यामुळे होतो ही समजूतच अपुरी आहे. सायलेन्सरचा पाइप हलणारच. त्याला हलायला जितकी जागा लागते तितकी मिळाली नाही म्हणून तो आपटतो. म्हणजे कारागिराने घडवायची खरी वस्तू पाइपाभोवतीची मोकळी जागा आहे. ती नीट राखली तर पाइप आपोआप गप्प राहतो.

ही जागा किती लागते हे कळायला पाइप किती प्रकारे हलतो ते पाहावं लागेल. पहिली हालचाल इंजिनाची. पाइपाचं पुढचं टोक इंजिनाच्या मॅनिफोल्डला घट्ट बोल्ट केलेलं असतं आणि इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं. जिप्सी आणि बोलेरोसारख्या, इंजिन लांबीने उभं असलेल्या गाडीत क्लच सोडताना किंवा रेस करताना इंजिन डाव्या-उजव्या बाजूला कलतं. इंजिनाजवळ हा कल थोडा दिसतो, पण पाइप इंजिनाला ताठ जोडलेला असेल तर तो कलण्याच्या आसापासून जितका दूर जातो तितका त्याचा झोका मोठा होतो. माउंटिंग जुनं होऊन खचलं असेल तर आणखी मोठा. म्हणूनच कित्येकदा सायलेन्सरचा खडखडाट म्हणून आलेल्या गाडीत सायलेन्सरला हात लावण्याआधी इंजिनाचं माउंटिंग बदलावं लागतं. माउंटिंग खचलेल्या गाडीला नवा पाइप बसवला तर तो खचलेल्या इंजिनाच्या मापाने बसतो, आणि पुढे कधी माउंटिंग बदललं की इंजिन वर उचललं जाऊन पाइप पुन्हा पत्र्याला टेकतो. क्रम उलटा झाला की काम दोनदा करावं लागतं.

दुसरी हालचाल उष्णतेची, आणि तिच्याकडेच सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. साधं पोलाद एक अंश तापलं की मीटरमागे सुमारे १२ मायक्रोमीटर वाढतं. ३०४ जातीचं स्टेनलेस साधारण १७. आकडे क्षुल्लक वाटतात. पण दोन मीटरचा पाइप थंड अवस्थेपेक्षा सरासरी ३०० अंशांनी तापला, तर साध्या पोलादाचा पाइप सात मिलिमीटरच्या वर लांबतो आणि ३०४ स्टेनलेसचा दहाच्या वर. गंजत नाही म्हणून हौसेने स्टेनलेस घालून घेणाऱ्याने हा फरक आधीच हिशोबात धरायला हवा. पुढचं टोक इंजिनाला बांधलेलं असल्यामुळे ही सगळी वाढ मागे सरकते, आणि वाटेत वाकण असेल तर तिथे ती बाजूला किंवा वर फुटते. थंड गाडीखाली एक बोट जाईल इतकी दिसणारी जागा तापल्यावर निम्मीसुद्धा राहत नाही ती यामुळे. सकाळी गॅरेजमधून गप्प निघालेली गाडी दहा किलोमीटरवर वाजू लागते आणि परत आणली की थंड होऊन पुन्हा गप्प होते. मालक आणि मेकॅनिक यांच्यातले निम्मे वाद इथून निघतात आणि दोघंही आपापल्या परीने खरं बोलत असतात. उपाय सोपा आहे. पाइप टांगणाऱ्या हँगरचं रबर थंड अवस्थेत किंचित पुढे ओढलेलं राहील असं बसवायचं, म्हणजे पाइप तापून मागे सरकला की ते सरळ उभं राहतं.

तिसरी हालचाल मागच्या एक्सलची. पाइप एक्सलवरून कमानीसारखा पलीकडे जातो. गाडी खड्ड्यात आदळली की एक्सल पाट्यांसह वर उसळतो, थेट बंप स्टॉपला भिडेपर्यंत. इथे गॅरेजची एक सवय घात करते. दोन खांबांच्या लिफ्टवर गाडी चेसीला धरून उचलली की चाकं लोंबतात, एक्सल खाली येतो आणि पाइपासाठी भरपूर जागा असल्यासारखं दिसतं. त्या स्थितीत घडवलेली कमान गाडी जमिनीवर टेकताच एक्सलच्या जवळ येते, माणसं बसली की आणखी जवळ. ताडोबात जिप्सीत सहा पर्यटक, गाइड आणि ड्रायव्हर मिळून आठ जण असतात. माणशी ६५ किलो धरले तरी ५२० किलो झाले, आणि रिकाम्या जिप्सीचं वजन हजार किलोच्या आसपास. स्वतःच्या निम्म्या वजनाइतकं ओझं घेऊन ती गाडी दिवसभर कच्च्या रस्त्यावर फिरते. रिकाम्या गाडीखाली घेतलेलं माप या गाडीला लागू पडत नाही. सबब हे काम चाकं टेकलेल्या गाडीखाली, म्हणजे खड्ड्यावर किंवा रॅम्पवरच झालं पाहिजे, आणि शेवटचं माप आत वजन ठेवून घेतलं पाहिजे. आपल्याकडच्या जुन्या गॅरेजांमधला सिमेंटचा खड्डा या कामी चकचकीत लिफ्टपेक्षा उजवा ठरतो.

जागेचा विचार कायद्यानेही केलेला आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९मधला ११३वा नियम सांगतो की एक्झॉस्ट पाइप इंधनाच्या नळीपासून ३५ मिलिमीटरच्या आत असता कामा नये. साधारण दोन बोटं. पत्र्यापासून किंवा चेसीपासून किती अंतर हवं हे या नियमात नाही, कारण तिथे प्रश्न आगीचा आहे. पण वरच्या तिन्ही हालचालींची बेरीज केली की गाडीच्या पोटाखाली बहुतेक ठिकाणी दोन बोटं हेच माप शहाणपणाचं ठरतं. एक्सलवर आणि फिरत्या शाफ्टाशेजारी त्याहून जास्त. नुसत्या सरळ, मधल्या भागात, जिथे पाइप लांबीनेच सरकतो, तिथे कमीही चालेल. सगळीकडे एकच माप लावण्यापेक्षा त्या जागी पाइप कुठल्या दिशेने आणि किती जाणार आहे याचा विचार करणं हे खरं कारागिराचं काम.

वाजणारी जागा शोधणंही तर्काने करता येतं आणि आवाज केव्हा होतो हा त्यातला पहिला पुरावा. थंड असताना वाजून तापल्यावर थांबत असेल किंवा उलट असेल, तर प्रश्न लांबी वाढण्याचा. फक्त क्लच सोडताना किंवा रिव्हर्सला वाजत असेल तर इंजिनाचा कल. फक्त खड्ड्यात किंवा भरल्या गाडीत वाजत असेल तर एक्सल. रस्ता गुळगुळीत असताना इंजिनाच्या ठरावीक फेऱ्यांना वाजून पुढे-मागे गप्प होत असेल, तर पाइपाची स्वतःची थरथर इंजिनाच्या ठोक्यांशी जुळते आहे. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर सेकंदाला सुमारे २७ ठोके देतं, तीन सिलिंडरचं २०. बोलेरोत आधी चार सिलिंडरचं इंजिन होतं आणि २०१६च्या पॉवर प्लसपासून तीन सिलिंडरचं आलं. जुन्या गाडीच्या हँगरची नक्कल नव्या इंजिनाखाली केली आणि ती वाजली, तर कारागिराच्या हाताला दोष देण्याआधी हा फरक पाहावा. नेमकी जागा सापडायला घासून चकाकणारा ठिपका पुरतो. तो सापडला नाही तर संशयाच्या फटीत ओल्या मातीचा गोळा चिकटवायचा, गाडी भरून खराब रस्त्यावर एक फेरी मारायची आणि दबून उरलेल्या मातीची जाडी मोजायची. पाइप सर्वांत जवळ आला तेव्हा जागा किती उरली होती हे त्या जाडीवरून लगेच कळतं. अर्थात हे सगळं थंड पाइपाशी आणि ठोकळ्यांवर टेकवलेल्या गाडीखाली. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कुणी शिरू नये.

आता टांगण्याविषयी. पाइप कुठे टांगावा हे बहुतेक वेळा चेसीला भोक कुठे आहे यावर ठरतं, आणि गडबड तिथेच होते. मोकळा, सारख्या जाडीचा लांब पाइप थरथरतो तेव्हा त्याची टोकं आणि मधला भाग सर्वांत जास्त हलतो. मात्र दोन्ही टोकांपासून लांबीच्या साधारण २२ टक्के आत असलेल्या दोन जागा जवळजवळ स्थिर असतात. अडीच मीटरच्या पाइपात त्या टोकांपासून सुमारे ५५ सेंटिमीटरवर येतात. हँगर तिथे लावला तर पाइपाची थरथर चेसीत आणि पत्र्यात उतरत नाही. मध्यावर लावला तर गाडीची सगळी फरशी गुणगुणते. खऱ्या पाइपात डबा जड असतो, वाकणं असतात, त्यामुळे या जागा सरकतात. पण त्या शोधायला यंत्र लागत नाही. गाडीखाली जाण्याआधी पाइप दोन जागी सैल दोरीवर टांगून लाकडाने हलकेच टिचकावायचा आणि दोऱ्या सरकवत पाहायच्या; ज्या जागी दोरी असताना नाद सर्वांत लांब टिकतो त्या स्थिर जागा. मात्र हे गणित लागू व्हायला पाइप पुढच्या टोकाला इंजिनापासून सुटा वागला पाहिजे. त्यासाठी मॅनिफोल्डनंतर लवकरच जाळीदार लवचीक सांधा किंवा स्प्रिंगच्या बोल्टांवर बसलेला गोल सांधा हवा. तो सांधा वजन उचलण्यासाठी नसतो, म्हणून त्याच्या मागे लगेच एक आधार द्यावा लागतो. हा आधार विसरल्यामुळे लवचीक सांधे काही महिन्यांत फाटतात, आणि मग ‘ते काही कामाचं नसतं’ असा निष्कर्ष निघतो. खरं तर त्याला भलत्याच कामाला जुंपलेलं असतं.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो अनुभवी हातांचा असतो. आपल्या रस्त्यांवर रबराचे हे लाड टिकत नाहीत, पाइप घट्ट असला तरच तुटत नाही, असं कारागीर सांगतात. त्यांच्या म्हणण्यातलं निरीक्षण खरं आहे. सैल पाइप तुटतो. पण सैल असणं आणि टांगलेलं असणं या दोन वेगळ्या अवस्था आहेत. टांगलेला पाइप रबराच्या मर्यादेत हलतो आणि परत जागेवर येतो. सैल पाइपाला परत येण्याची जागाच नसते. चेसीला टाका मारलेला पाइप हलत नाही हे खरं, पण पुढच्या टोकाला इंजिनाचा कल आणि उष्णतेची वाढ थांबलेली नसते. ते सगळं मग सर्वांत कमजोर जागी जमा होतं. ती जागा म्हणजे फ्लँजजवळचा वेल्ड, गॅस्केट किंवा बिडाचा मॅनिफोल्ड. बीड ओढ सहन करत नाही, तडकतं. पाइपाचा हँगर बदलणं अर्ध्या तासाचं काम आहे आणि तडकलेला मॅनिफोल्ड उतरवताना गंजलेले बोल्ट तुटले की ते दिवसांवर जातं. रबर लवकर सडतं ही तक्रारही बरीचशी रबराच्या निवडीची आहे. ट्यूबचा किंवा टायरचा तुकडा उष्णतेने कडक होऊन फुटतो. हँगरसाठी बनवलेलं ईपीडीएम रबर जास्त ताप सोसतं, सिलिकोनचं त्याहून जास्त. गरम डब्याच्या अगदी अंगाशी कुठलंच रबर लावू नये. सळई हातभर बाहेर काढून टांगावं.

आणखी एक उपाय सुचवला जातो तो पाइप खाली घेण्याचा. पत्र्याला लागतोय ना, मग दोन इंच खाली उतरवा. शहरात हे चालून जाईल. जंगलात आणि गडचिरोलीच्या गावरस्त्यांवर नाही. बैलगाडी आणि ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांमध्ये मधला उंचवटा राहतो, पावसाळ्यात नाल्यांच्या रपट्यांवर दगड वाहून येतात, आणि जिप्सीला जमिनीपासून मिळालेली २१० मिलिमीटर उंची हीच तिची खरी कमाई आहे. खाली घेतलेला पाइप उंचवट्यावर घासतो, वर ढकलला जातो, हँगर वाकतो आणि खडखडाट पुन्हा सुरू, आता पोचे घेऊन. या भागात पाइप वरून पत्रा आणि खालून जमीन यांच्या कात्रीत असतो. म्हणून जागा खाली न शोधता बाजूला शोधावी लागते: चेसीच्या कडेने नेणं, बेंड एकाऐवजी दोन मवाळ वळणांत मोडणं, गोल डब्याऐवजी चपटा डबा घेणं. अगदी अडलेल्या एका ठिकाणी पाइप थोडा चपटा करायलाही माझी हरकत नाही. गाड्यांचे कारखानेसुद्धा अडचणीच्या जागी पाइप दाबून घेतात. हातोड्याने खोल पोचा पाडणं वेगळं आणि शिकंज्यात धरून हलकेच दाबणं वेगळं, एवढा विवेक ठेवला म्हणजे झालं.

जागा नंतर भरून जाण्याचाही धोका इथे जास्त. दुर्गापूर, बल्लारपूर, घुग्घुसच्या खाणपट्ट्यात कोळशाची धूळ, पूर्वेकडे धानपट्ट्याचा चिखल, सुरजागडच्या लोहखनिजाच्या ट्रकांनी उखडलेल्या रस्त्यांवरची लाल माती, हे सगळं पावसाळ्यात पाइपावर बसतं आणि तापून भाजलं जातं. महिनाभरात दोन बोटांच्या फटीत एक बोट कडक थर जमतो. मग पाइप मातीवर आपटतो आणि माती पत्र्यावर. मालकाला वाटतं हँगर गेला. पाण्याच्या जोरदार झोताने धुऊन पाहणं हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी वापरला जाणारा इलाज आहे.

यापुढचा मुद्दा खडखडाटाहून गंभीर आहे. आवाज पुष्कळदा पाइपाचा नसून त्याच्याभोवतीच्या उष्णतारोधक पत्र्याचा असतो. बोल्टाचं भोक गंजून मोठं होतं आणि पातळ पत्रा झांजेसारखा वाजू लागतो. गॅरेजमध्ये तो उपटून फेकला जातो आणि आवाज खरोखर थांबतो. ‘आमच्या गाडीला पंधरा वर्षं तो पत्रा नाही, काही झालं नाही’ हा त्यामागचा युक्तिवाद. पण वनखात्याच्या लेखी १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम, आणि या काळात सागाची, तेंदूची, बांबूची पानगळ रस्त्याच्या कडेला गुडघाभर साचलेली असते. चंद्रपूरचा पारा मेमध्ये ४५च्या पुढे सहज जातो. वाळलेलं पान पेट घ्यायला जे तापमान लागतं ते इंजिनाजवळच्या पाइपात रोज असतं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेल्या गाडीत आणि बीएस-६ डिझेल गाडीचा काजळीचा फिल्टर स्वतःला जाळून साफ करत असताना तर त्याहून कितीतरी जास्त. गाडी कडेला गवतावर घेऊन उभी केली, खालचा पत्रा नाही, डब्यावर पाचोळा अडकलेला, एवढ्यावर वणवा लागू शकतो. इथले बहुतेक वणवे माणसांच्या हातून लागतात आणि त्यांत गाडीचा वाटा लहानच असेल. पण मोहफुलं आणि तेंदूपत्ता यांच्यावर ज्यांचं उन्हाळ्याचं पोट आहे त्यांच्या जंगलात हा लहान वाटाही टाळण्याजोगा आहे. प्रवासी वाहनांचा पाइप आग लागणार नाही अशा रीतीने बसवलेला किंवा झाकलेला असावा, असं वाहन नियमांतला ११४वा नियमही सांगतो. वाजणारा पत्रा उपटण्याऐवजी त्याच्यावरून स्टीलची मोठी होज क्लिप आवळली किंवा फाटलेल्या भोकावर रुंद वॉशर दिला की तो गप्प बसतो. आवळायचीच असेल तर ही गोष्ट आवळावी. हा पत्रा हलण्यासाठी नसतो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. घडवलेला पाइप म्हटलं की फटाके वाजवणारे सायलेन्सर डोळ्यांसमोर येतात. त्यांचं समर्थन करण्याचा प्रश्नच नाही. १२०व्या नियमाप्रमाणे प्रत्येक वाहनाला आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर हवाच, आणि मोटार वाहन कायद्याच्या १९०व्या कलमात आवाजाचे निकष मोडल्याबद्दल तीन महिन्यांपर्यंतची कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंतचा दंड आहे. राज्यातल्या शहरांत पोलिसांनी असे सायलेन्सर रोलरखाली चिरडले ते योग्यच. पण म्हणून दुरुस्तीसाठी घडवलेला, मूळ पाइपाइतकाच शांत पाइप गुन्हेगारांच्या रांगेत उभा करू नये. जुनी गाडी चालती ठेवण्याचा तो प्रामाणिक मार्ग आहे, आणि तो नीट व्हावा म्हणूनच जागेचा इतका काटेकोर आग्रह.

सर्वांत अवघड आक्षेप पैशाचा आहे. ट्रॅक्सवाल्याचा दिवस बुडाला की घरात चूल कशी पेटणार, त्याला तारेचा इलाज फुकट पडतो. मला हा आक्षेप नुसता मान्यच आहे असं नाही, तर त्याची बाजू घ्यावीशी वाटते. भामरागडहून आलापल्लीकडे येताना वाटेत हँगर तुटला तर साठेक किलोमीटरच्या त्या जंगलरस्त्यावर तारच उपयोगी पडते आणि ती प्रत्येक गाडीत असावी. फक्त पाइप ओढून पत्र्याला चिकटवू नये. त्याला खालून झोळीसारखं सैल धरावं, म्हणजे तो लोंबून रस्त्याला लागणार नाही आणि वर हलायला मोकळा राहील. आलापल्लीला पोहोचल्यावर तार काढून रबर बसवावं. तात्पुरता इलाज कायमचा झाला की त्याची किंमत मोजावी लागते आणि ती नुसत्या मॅनिफोल्डपुरती नसते. आवळलेल्या पाइपाला पुढच्या भागात तडा गेला की धूर मागून जायच्या आधी फरशीखाली सुटतो. बंद काचांच्या, जुन्या फरशीला भोकं पडलेल्या गाडीत तो आत येतो. त्यातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही आणि त्याला वास नसतो. डिसेंबरच्या थंडीत पहाटे काचा लावून दवाखान्याला निघालेल्या गाडीत डोकं जड होणं, मळमळणं याला प्रवासाचा शीण समजलं जातं. म्हणून पाइपाला कुठेही काजळीची काळी रेघ दिसली तर खडखडाट असो वा नसो, गाडी त्याच दिवशी वेल्डरकडे नेली पाहिजे.

विजेच्या गाड्या आल्या की सायलेन्सरच राहणार नाही, मग एवढा खटाटोप कशाला, असंही विचारता येईल. सफारीपुरतं ते उद्या खरं ठरो. गाइडच्या कानांसाठी त्याहून चांगलं काही नाही. पण एटापल्ली, धानोरा, सिरोंचाकडे आज धावणारी डिझेल गाडी अजून कित्येक वर्षं धावणार आहे आणि तिच्या दुरुस्तीला हीच माणसं असणार आहेत. त्या माणसांच्या शिक्षणात मात्र एक खिंडार आहे. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आणि वेल्डरचा एक वर्षाचा. मेकॅनिक इंजिन शिकतो, वेल्डर सांधा शिकतो. सायलेन्सर टांगायला दोन्ही लागतं, म्हणून तो दोघांच्या मधे पडतो. मेकॅनिक म्हणतो हे वेल्डरचं काम, वेल्डर म्हणतो तुम्ही दाखवाल तिथे टाका मारतो. बॅटरीची तार न काढता टाका मारल्याने बिघडलेले संवेदक हाही याच फटीतून निघालेला खर्च. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या आयटीआयमध्ये दोन्ही वर्गांच्या मुलांना एकत्र घेऊन आठवडाभराचं हे एकच प्रात्यक्षिक ठेवलं, जुन्या गाडीखाली, खड्ड्यात, मातीच्या गोळ्यासह, तर या भागाला लागणारं कौशल्य इथेच तयार होईल.

वेळ काढणंही अशक्य नाही. पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर ताडोबाचा गाभा बंद असतो आणि गाड्यांना कामाचा ताण कमी असतो; पाइप नव्याने घडवायचा तर तो तेव्हा. आधी इंजिनाचं माउंटिंग, मग लवचीक सांधा, मग चाकं टेकलेल्या गाडीखाली पाइपाला नुसते टाके मारायचे, आत आठ माणसांचं वजन म्हणून वाळूची पोती ठेवायची, इंजिन तापवून रेस करून पाहायचं, आणि सगळीकडे जागा राहते असं दिसल्यावरच पुरा वेल्ड ओढायचा. पहिल्या काही दिवसांच्या तापण्या-निवण्यात बोल्ट सैल होतात, त्यामुळे शे-दोनशे किलोमीटरनंतर एकदा पाना लावावा लागतो. पुढे हंगामभर दर मंगळवारी ताडोबाचा गाभा बंद असतो. त्या दिवशी गाडी धुवायची, फटीतली माती काढायची आणि थंड पाइप डब्याजवळ हाताने धरून चारही दिशांना हलवून पाहायचा.